कोनांची पाइपलाइन: एका बालवाडीतला बांधकामाचा कोपरा

(मुलांची खरी नावे दिलेली नाहीत. त्यांऐवजी घरोघरी ऐकू येणाऱ्या हाका वापरल्या आहेत. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागाची खडखड दिवसभर भिंतीतून ऐकू येते, तिथल्या एका समाजमंदिराच्या खोलीत आमची बालवाडी भरते. खोली साधारण १८ फूट बाय १४ फूट. मुले २२, वय साडेतीन ते सहा. शिकवायला मी. झाडायला, खिचडी वाढायला आणि रडणाऱ्याला कडेवर घ्यायला मावशी. बहुतेकांचे वडील मागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आया घरी विड्या वळतात. घरची भाषा कुणाची तेलुगू, कुणाची कन्नड, कुणाची उर्दू, थोड्यांची मराठी. गल्लीत उतरली की सगळ्यांची मिळून सोलापुरी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी लाकडी ठोकळ्यांचा खोका दिला. ६४ ठोकळे: चौकोनी, लांबट, त्रिकोणी आणि चार कमानी. मला ते फार दिवसांपासून हवे होते. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी केंद्र काढले, तेव्हापासून लाकडी ठोकळे बालशिक्षणात आहेत. आमच्याकडे मात्र तोवर पाटी, चित्रांचे तक्ते आणि चार बाहुल्या एवढेच होते. खिडकीखालची जागा मोकळी केली, चटई टाकली आणि त्या जागेला 'बांधकामाचा कोपरा' म्हणू लागलो. सकाळची गाणी झाली की पाऊण तास मुले हवे तिथे बसतात. त्या वेळात आठ-नऊ मुले तिथे हमखास असायची.

या प्रकरणात चौघे जण पुन्हा पुन्हा येतील. मल्लू साडेपाच वर्षांचा, अंगाने दणकट. मुन्ना पाचचा, तोंडाला क्षणाची उसंत नाही. छकुली पावणेसहाची, घरी धाकटा भाऊ सांभाळणारी. आणि चिन्नी साडेचार वर्षांची, घरात फक्त तेलुगू. ती ऑगस्टपासून येत होती आणि डिसेंबर उजाडेपर्यंत माझ्याशी मराठीतला एकही शब्द बोलली नव्हती.

अडचण

पहिल्याच आठवड्यात कोपऱ्याचा आखाडा झाला. मल्लू आल्या आल्या लांब ठोकळे मांडीत घेऊन बसायचा. त्यातले चार-पाचच लावायचा, बाकीचे नुसते राखायचा. मुन्ना मागून ओढायचा. कुणाची माडी उभी राहिली की मल्लू पायाने उडवायचा, मग एकच रडारड. "टीचर, ह्यानं पाडलं!" "टीचर, मला देईना बे!" माझ्या रोजच्या नोंदवहीचे पान तक्रारींनीच भरायचे. चिन्नी भिंतीला टेकून, फ्रॉकचे टोक तोंडात धरून, हे सगळे बघत बसायची.

एक गोष्ट मला तेव्हा नीट दिसली नव्हती. भांडण जास्त आहे म्हणजे सहकार्य कमी आहे, असे मी धरून चालले होते. पण सगळ्यांची माडी वेगळी होती. मल्लूची मल्लूपुरती, मुन्नाची मुन्नापुरती. एकाला दुसऱ्याची गरजच पडत नव्हती. गरज नसताना 'मिळून खेळा' म्हटले की मुलाच्या कानाला ते 'तुझे दुसऱ्याला दे' असेच ऐकू येते.

समोरचे पर्याय

मावशीचे मत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. खोका कपाटावर ठेवा, शनिवारी काढा. डोक्यात ठोकळा बसला तर आईबापाला काय सांगणार? काळजी खरी होती. लाकडाचे कोपरे लागतात.

दुसरा पर्याय पाळ्यांचा होता. चौघांनी दहा मिनिटे, मग दुसऱ्या चौघांनी. हा मी कागदावरच सोडला. बांधकामात मुलांची पहिली दहा मिनिटे नुसती निवडण्यात आणि मांडण्यात जातात, गोष्ट त्यानंतर सुरू होते. गोष्ट सुरू होताना उठवले तर खेळ कधी रंगणारच नाही.

तिसरा, सारखी वाटणी. हा मी निवडला आणि आठ दिवस चालवला. आठ मुले, प्रत्येकी आठ ठोकळे, प्रत्येकाला खडूने आखलेला चौकोन. भांडणे दुसऱ्या दिवशी थांबली. मावशी खूश, मीही खूश. पाचव्या दिवशी मी खाली बसून पाहिले. आठ मुले आठ चौकोनांत, आठ-आठ ठोकळ्यांची आठ बुटकी घरे. कुणी बोलत नव्हते. आठ ठोकळ्यांत कमान होते, पण वाडा होत नाही. ज्याला जास्त लागतील त्याने मागायचे नाही आणि ज्याला नकोत त्याने द्यायचे नाही, असा नियम मीच घालून दिला होता. कोपऱ्यातून भांडण गेले होते, खेळही गेला होता. या आठ दिवसांचे मला आजही वाईट वाटते, कारण या काळात मुन्नाने तिथे यायचेच सोडले.

चौथा, मीच काम ठरवून देणे. एक दिवस म्हटले, चला, आज सगळे मिळून भुईकोट किल्ला बांधू. किल्ला मुलांनी पाहिलेला आहे, शेजारच्या बागेत ती जातात. किल्ला झाला, चांगलाही झाला. पण तो मी बांधला. मुले ठोकळे आणून देत होती, मी "इथे ठेव, तिथे ठेव" म्हणत होते. मी पाणी प्यायला उठले आणि परत येईपर्यंत किल्ल्यापाशी कुणी नव्हते.

पाचवा पर्याय सामान वाढवण्याचा. पैसे नव्हते. इथे मला तारा‍बाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम करणाऱ्या दोघी आठवल्या. त्यांनी १९४५ साली बोर्डी या गावात काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपासच्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. मग आमच्या आसपास काय आहे? आमच्या गल्लीत सूत आहे.

काय केले

एका मुलीचे वडील मागावर काम करतात. त्यांच्या मालकांना विचारून त्यांनी सुताचे रिकामे कोन, म्हणजे सूत ज्यांवर गुंडाळलेले येते ते निमुळते शंकू, एक पोते भरून आणले. सोबत कापडाच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, आखूड-लांब, २५-३०. आणि जकार्डची जुनी कार्डे, चादरीवरची नक्षी ज्या भोकांवरून मागाला कळते ती. टॉवेलचे रिकामे खोके मावशीने दुकानातून मागून आणले. दोन संध्याकाळी आम्ही दोघी बसलो. खोक्यांच्या पिना उपसल्या, कोनांवरची रुई ओल्या फडक्याने पुसली, तेलाचे डाग पडलेले आणि टोके फाटलेले कोन काढून टाकले. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. पिन बोटात गेली तर दुसऱ्या दिवशी आई मुलाला पाठवत नाही.

वाटणी बंद केली. खडूचे चौकोन पुसले. आणि स्वतःला एक नियम घातला: कुणाला लागेल असे काही घडत नसेल तर शंभर आकडे मोजेपर्यंत उठायचे नाही.

पहिले तीन दिवस नुसता गोंधळ झाला. कोन म्हणजे टोपी, कोन म्हणजे भोंगा, कोन म्हणजे आइस्क्रीम. जकार्डच्या कार्डातून एकमेकांकडे बघणे. शंभर आकडे मोजताना मला घाम फुटायचा.

चौथ्या दिवशी चिन्नी भिंतीपासून उठली.

तिने एक नळी घेतली आणि कोनाचे निमुळते टोक तिच्यात दाबले. टोक घट्ट बसले. मग कोनाच्या रुंद तोंडात दुसरी नळी सरकवली. ती सैल राहिली, कारण तोंड मोठे आणि नळी बारीक. नळी निसटली. तिने पुन्हा घातली, पुन्हा निसटली. शेवटी तिने डाव्या हाताने तो जोड धरला, उजव्या हाताने पुढचा कोन ओढला, आणि मग हात संपले. तिने मान वर केली. समोर मुन्ना होता. ती म्हणाली, "पट्टुको." मुन्नाला तेलुगू येत नाही, पण तिने जोडाकडे हनुवटी केली होती. त्याने धरले. पट्टुको म्हणजे धरून ठेव.

वस्तूची ही खोड मी मुद्दाम शोधून आणलेली नव्हती, पण सगळे तिच्यावरच घडले. एक जोड घट्ट, पुढचा सैल, पुन्हा एक घट्ट, एक सैल. सैल जोड कुणीतरी धरल्याशिवाय नळी पुढे जात नाही. ठोकळ्यांची माडी एकट्याने होते. ही नळी एकट्याने होत नाही.

दोघांनी पाच-सहा नळ्या जोडल्यावर मुन्ना ओरडला, "पाइपलाइन! पाणी यायलंय बे!" आणि कोपऱ्यातली सगळी मुले आली. सोलापुरात पाणी येणे म्हणजे काय ते मुलांना सांगावे लागत नाही. आमच्याकडे रोज नळ येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतो. आला की गल्लीभर हाका जातात, हातातल्या विड्यांचे सूप बाजूला ठेवून आया उठतात, पिंपे, कळशा, पातेली भरली जातात. कुणी म्हणाले, पाणी उजनीतून येते. भीमेवरचे उजनी धरण इथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. मुलांनी ते दाराजवळ बांधले, आमच्या सगळ्या ६४ ठोकळ्यांचे. महिनाभर ज्यांच्यावरून मारामारी झाली ते ठोकळे मल्लूने स्वतःच्या मांडीतून उचलून भिंतीला लावले, कारण धरणाला भोक राहिले असते तर पाणी सांडले असते. खोक्यांची घरे झाली, जकार्डच्या कार्डांच्या खिडक्या. पाइप एका घरातून दुसऱ्या घराकडे जाऊ लागला.

निर्णयाचे तीन प्रसंग

पहिला त्याच दिवशी दुपारी. आवरायची वेळ झाली. खिचडीच्या पंगतीला तीच जागा लागते आणि मावशीला झाडायचे असते. मुलांना मोडायचे नव्हते. शिस्त म्हणून मी मोडायला लावणार होते. रोज आवरणे हेही शिक्षणच आहे, असे मी पालकांना सांगत आले होते. पण उद्या हीच पाइपलाइन पुन्हा शून्यापासून बांधावी लागली तर ती याच्या पुढे कधीच जाणार नाही, हेही दिसत होते. मी मावशीला विचारले. मावशी म्हणाल्या, "बाई, राहू द्या की. पण झाडू कुठनं फिरवू?" हा प्रश्न छकुलीने ऐकला. तिने दोन खोके आणले, पाइप उचलून त्यांच्यावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, पुलाखालून झाडा." पंगत त्या दिवशी दोन रांगांऐवजी तीन रांगांत बसली. पाइपलाइन नऊ दिवस उभी राहिली. रोज सकाळी मुले कालच्या जागेपासून पुढे सुरू करायची, आणि काल ठरलेले लक्षात ठेवून येणे हा त्या खेळाचा भाग झाला.

दुसरा प्रसंग मल्लूचा. तिसऱ्या दिवशी त्याने लाथ मारून मधला जोड उडवला. मी अर्धी उठले होते. दोन दिवस त्याला कोपऱ्यात येऊ द्यायचे नाही, हे माझ्या मनात ठरलेही होते. माझे शंभर आकडे पुरे व्हायच्या आत शेवटच्या खोक्यातली एक मुलगी ओरडली, "पाणी गेलं!" तिच्यामागून सगळी, "पाणी गेलं! पाणी गेलं!" मल्लू थबकला. पूर्वी पाडले की एकाचे घर पडायचे आणि एक जण रडायचा. या वेळी सगळ्यांचे पाणी गेले होते आणि कुणी रडत नव्हते, सगळे त्याच्याकडे बघत होते. मुन्ना म्हणाला, "चावीवाल्यानं बंद केलं वाटतं." आमच्याकडे चावीवाला म्हणजे लांब लोखंडी चावी घेऊन येणारा माणूस, तो चावी फिरवतो तेव्हा त्या भागाला पाणी सुटते. मल्लूने इकडे तिकडे पाहिले, कोपऱ्यातली एक काठी उचलली, निसटलेला जोड बसवला आणि काठी त्याच्या शेजारी टेकवून फिरवली. "सोडलं," म्हणाला.

त्याला ही भूमिका मी दिली असती तर ती बक्षिसासारखी झाली असती, किंवा शिक्षेसारखी. ती मुन्नाने दिली, ज्याची मल्लूशी सर्वात जास्त ओढाताण झाली होती. मी फक्त उठले नाही.

मात्र यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. दुसऱ्याच दिवशी चावीवाल्याने मुन्नाच्या घराला पाणी देणार नाही म्हणून सांगितले. मुन्नाने त्याला ढकलले. तेव्हा मी मध्ये पडले, दोघांना वेगळे केले आणि एवढेच विचारले, "तुमच्या घरी कसं ठरतं, कुणाला कधी पाणी?" छकुलीला माहीत होते: आज आमच्याकडे, उद्या पलीकडच्या गल्लीत. तिने पाटीवर घरे काढली आणि प्रत्येकाखाली टिंबे मारली. हे वेळापत्रक दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी पुसले गेले, मग पुन्हा भांडून नवे झाले. नियम त्यांचा होता, म्हणून मोडल्यावर तक्रार माझ्याकडे येण्याऐवजी पाटीपाशी जायची.

तिसरा प्रसंग पालकांचा. एका वडिलांनी दारात उभे राहून सरळ विचारले, "पोरगं दिवसभर पाइपच जोडतंय. अक्षरं कधी?" प्रश्न वाजवी आहे. पुढे पहिलीत त्याला कुणी पाइप जोडायला सांगणार नाही. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तीन ते आठ वयासाठी खेळातून शिकण्यावर भर आहे, हे त्यांना ऐकवून उपयोग नव्हता. मी त्यांना वीस मिनिटे आत बसायला सांगितले. ते बसले. मुले "वरचं घर लांब, तिथं चार नळ्या लागतील, इथं दोन" असे मोजत होती. मध्येच एक जोड निसटत होता. वडिलांनी खिशातून सुताचा तुकडा काढून त्याला मागावरची गाठ मारून दाखवली. दुसऱ्या दिवशी सहा मुलांना ती गाठ शिकायची होती. त्या वडिलांचा अक्षरांचा आग्रह संपला नाही, आणि संपावा असेही मला वाटत नाही. फक्त ते पुन्हा कधी दारातून ओरडले नाहीत.

परिणाम

संक्रांतीपर्यंतची स्थिती अशी. कोपऱ्यातल्या तक्रारी बंद झाल्या नाहीत, पण पानभराऐवजी दोन-तीन ओळींत मावू लागल्या. तक्रारीची भाषाही बदलली: 'ह्यानं घेतलं' कमी आणि 'हा धरेना' जास्त. 'पट्टुको' हा शब्द वर्गाचा झाला. उर्दू बोलणारी मुले, कन्नड बोलणारी मुले, सगळी जोड धरायला सांगताना 'पट्टुको' म्हणू लागली. खिचडीची ताटली देताना मावशीही. चिन्नी त्याच आठवड्यात पहिल्यांदा मराठीत बोलली, आणि तेही मल्लूला: "जोरात नको."

चिन्नीबद्दल मी चुकले होते. अमेरिकन अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळात एकमेकांत मिसळण्याचे सहा प्रकार मांडले. त्यांत दुसऱ्यांचा खेळ नुसता बघत राहणे हाही एक प्रकार आहे. मी त्याला खालची पायरी समजून तिला "ये, खेळ ना" म्हणत हाताला धरून आणायचे. ती चार महिने बघत होती आणि कोण कशावरून चिडतो, कोण काय धरू शकतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. पहिल्या जोडासाठी तिने मल्लूला नव्हे, मुन्नाला हाक दिली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

जे झाले नाही तेही लिहायला हवे. घसरगुंडीवरची ढकलाढकली तशीच राहिली. रंगांच्या खडूंवरून मल्लू आणि मुन्ना आजही भांडतात. दोन मुले पाइपलाइनमध्ये कधीच आली नाहीत. त्यांतला एक रोज एकटा कोनांचे बुरूज रचतो आणि आनंदात असतो. त्याला मी आता हलवत नाही.

संक्रांतीच्या सुट्टीनंतर पाइपलाइनचा खेळ आपोआप संपला. मुले सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतून आली होती, डोळ्यांत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत नेतात त्या उंच सजवलेल्या काठ्या. सर्वात लांब नळी, माझ्या खांद्याएवढी, उभी झाली. तिला चादरीच्या चिंध्या बांधल्या. मल्लूने ती पोटाशी धरली, आणि चिन्नीसकट पाच जण भोवती हात पुढे करून उभे राहिले, काठी कलली तर सावरायला. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, मिरवणुकीत त्यांनी पाहिले होते. काठी दारापर्यंत गेली.

पुन्हा करायचे झाले तर

वाटणीचे आठ दिवस मी घालवणार नाही. शांतता झाली की खाली बसून लगेच बघेन, पाचव्या दिवसाची वाट पाहणार नाही.

सामान आणण्याआधी त्याची खोड तपासेन. ज्या वस्तूला दुसरा हात लागतोच अशा दोन-तीन वस्तू कोपऱ्यात असाव्यात: सैल जोडाच्या नळ्या, एकट्याला न पेलणारा खोका, दोन टोकांनी धरायची चादर. हे आमच्याकडे अपघाताने घडले.

मल्लूच्या आईला मी फार उशिरा भेटले, फेब्रुवारीत. त्याचे वडील दिवाळीपासून कामासाठी बाहेरगावी होते. पाडापाडी त्याच आठवड्यात सुरू झाली होती, आणि मी वहीत त्याच्या नावापुढे फक्त 'दांडगा' असे लिहीत होते. ती भेट पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती.

शंभर आकड्यांचा नियम ठेवीन, पण मावशीला आधी सांगून. पहिले काही दिवस त्यांना वाटत होते की मी लक्षच देत नाही, आणि त्या एकट्या धावत होत्या. दोघींपैकी एकीने थांबून उपयोग नसतो.

जूनमध्ये छकुली शेजारच्या शाळेत पहिलीत गेली. तिथल्या बाईंकडे मी कोनांची आणि नळ्यांची एक पिशवी नेऊन दिली आहे. वर्गात ४० मुले आणि बाकांच्या मध्ये जागा नाही, म्हणून ती अजून कपाटात आहे. बाई म्हणाल्या, शनिवारी बाक सरकवून बघू. या शनिवारी मी आणि मावशी जाणार आहोत.